तीन अंकांनी लागणारा रिव्हर्स

वहिनींना वहिनी का म्हणतात, हे वर्कशॉपमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. साठीला टेकलेली बाई, पायात पुरुषी जाड बूट, कपाळावर चढवलेला चष्मा, आणि नखांच्या कडेला तेलाची अशी काळी रेघ की ती कुठल्याच साबणाला दाद देत नव्हती. यांना दीर किती आणि कुठले, असा प्रश्न नव्या माणसाला पडायचाच. विचारायची हिंमत मात्र कोणी करत नसे, कारण वहिनी उत्तर द्यायच्या आधी माणसाला वरपासून खालपर्यंत बघायच्या.

गोष्ट साधी होती. त्यांचे सासरे गिअरबॉक्सचे मिस्त्री होते. त्यांच्या छोट्या गॅरेजात जी माणसं काम करायची ती सगळी वहिनींच्या नवऱ्याची दोस्तमंडळी, म्हणून या त्यांच्या वहिनी. नवऱ्याला गिअरबॉक्सपेक्षा गप्पांची आवड जास्त होती, आणि तो त्या आवडीतच लवकर गेला. सासऱ्यांच्या, म्हणजे मामंजींच्या, डोळ्यांत तोवर पडदा यायला लागला होता. एक दिवस वहिनी जेवणाचा डबा घेऊन गेल्या, तर मामंजी म्हणाले, डबा ठेव तिकडे, आणि या पट्टीवर तेल कुठवर आलंय ते सांग. त्या दिवशी जे सांगायला सुरुवात केली ती बारा वर्षं चालली. त्या डोळे झाल्या, मामंजी बोटं. शेवटी शेवटी मामंजींना काहीच दिसत नव्हतं तरी कुठला पार्ट कुठे आहे ते बिनचूक कळायचं, कारण त्यांच्या बाकावर एक पांढरं कापड अंथरलेलं असायचं. गाडीतून जे निघेल ते डावीकडून उजवीकडे, निघाल्या क्रमानं, त्या कापडावर. आणि एक नियम: जुनं निघून कापडावर आल्याशिवाय नवं आत जायचं नाही. आंधळ्या माणसाची ती गरज होती. डोळस वहिनींनी ती सवय करून घेतली.

मामंजी गेले, छोटं गॅरेज बंद पडलं, आणि या मोठ्या वर्कशॉपच्या मालकांनी वहिनींना बोलावून घेतलं. त्याला बावीस वर्षं झाली. मालक आता गुडघ्यांमुळे घरीच बसत. कारभार त्यांच्या जावयाकडे आला होता. तोंडावर सगळे त्याला साहेब म्हणत आणि पाठ फिरली की जावईबापू. माणूस वाईट नव्हता. शोरूममधून आला होता, त्यामुळे त्याला सगळं चकचकीत लागायचं. प्रत्येक कामाला किती मिनिटं, याचा तक्ता त्यानं भिंतीवर लावला. आणि अलीकडे एका सकाळी वहिनींचं कापड बघून त्यानं नाक मुरडलं. बाहेर बसलेला कस्टमर काचेतून बघतो तेव्हा हे जुन्या बाजारासारखं दिसतं, म्हणाला. आजपासून कापड बंद.

दोन वर्षं तो वहिनींना सुचवत होता की आता आराम करा, नातवंडं खेळवा. वहिनींची मुलगीही तेच म्हणायची. वहिनी दोघांनाही सांगायच्या की नातवंडं मजेत आहेत, त्यांना कोणी खेळवायची गरज नाही.

बुधवारी दुपारी ती व्हॅन आली.

व्हॅनवाला उंच, वाकून चालणारा, फार न बोलणारा माणूस होता. डायलिसिसच्या पेशंटना तो घरून हॉस्पिटलला नेई आणि परत आणी, सोमवार, बुधवार, शुक्रवार. व्हीलचेअर चढवायची फळी गाडीच्या मागच्या बाजूला होती आणि हॉस्पिटलचा दरवाजा चढावर. त्यामुळे प्रत्येक फेरीला त्याला चढावर रिव्हर्स घेऊन गाडीचं शेपूट दाराला लावावं लागे. पुढे जाणारा गिअर बिघडला असता तर त्यानं एक वेळ चालवून घेतलं असतं. त्याचं पोट रिव्हर्सवर होतं.

आणि रिव्हर्सच रुसला होता. लिव्हर ओढला की काहीच होत नसे. गाडी विचार केल्यासारखी थांबायची, आणि मग मागून कोणी लाथ घातल्यासारखा हिसका बसायचा. तीन आठवडे हे चाललं होतं. त्या दिवशी सकाळी हिसका एवढा बसला की मागच्या सीटवरच्या बाईंचा हात दारावर आपटला आणि सुई टोचतात तिथून रक्त आलं. हॉस्पिटलच्या माणसानं स्पष्ट सांगितलं होतं: शुक्रवारी सकाळी गाडी नीट आली तर ठीक, नाही तर सोमवारपासून दुसरी व्हॅन.

जावईबापूंनी स्कॅनर लावला. स्कॅनरनं एकही दोष दाखवला नाही. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि निकाल दिला: आतला रिव्हर्सचा क्लच जळला असणार, अख्खा गिअरबॉक्स बदला, नवा यायला तीन आठवडे लागतील. व्हॅनवाल्याचा चेहरा उतरला. तीन आठवडे म्हणजे त्याच्यासाठी कायमचंच होतं.

वहिनी शेजारच्या गाडीखालून बाहेर आल्या. स्कॅनरला वास येतो का, असं त्यांनी जावईबापूंना विचारलं. जावईबापूंना प्रश्न कळला नाही. वहिनींनी त्यांचा नाद सोडला आणि व्हॅनवाल्याकडे वळल्या. गाडी कधी अडते? गरम असताना की थंड? रात्री कुठे उभी करता?

उत्तर व्हॅनमधून आलं. मागच्या सीटवर हाताला जाड पट्टी बांधलेल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, शेवटच्या पेशंट, घर पुढच्याच रस्त्याला. त्या म्हणाल्या, "सकाळी तीन. मी रोज मोजते. यांनी दांडा ओढल्यापासून तीन म्हणेपर्यंत गाडी हलत नाही. परत जाताना दीड."

वहिनींनी त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं. बावीस वर्षांत कुठल्याच कस्टमरनं त्यांना इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. लोक येऊन सांगत, गाडी कसंतरीच करते. ही बाई आकडे देत होती.

मग वहिनी कामाला लागल्या. गाडी सपाट जागी, इंजिन चालू, तेल गरम. बॉनेट उघडून त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी काढली आणि कागदावर पुसली. तेल लाल होतं. नाकाशी धरलं, जळका वास नाही. क्लच जळला की तेल तपकिरी होतं आणि करपलेल्या कढईसारखा वास सुटतो. तेलाची पातळीही अगदी खुणेवर. मग व्हॅनवाल्याला ब्रेकवर पाय ठेवायला सांगून गिअर बदलायला लावले आणि इंजिन किती उसळतं ते पाहिलं. इंजिनाखालची रबरं शाबूत होती, हिसका त्यांचा नव्हता. पुन्हा पट्टी काढली, उजेडात धरली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. तेलात बारीक बारीक बुडबुडे होते.

गाडी ठेवून जा, उद्या थंड असताना बघते, एवढंच सांगितलं. शिक्षिकाबाईंना व्हॅनवाल्यानं रिक्षात बसवून घरी पोचवलं.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन वहिनींनी गिअरबॉक्सला प्रेशरचा काटा जोडला. रात्रभर थंड पडलेली गाडी चालू केली. पुढचा गिअर टाकला, काटा आपल्या जागी जाऊन उभा राहिला. रिव्हर्स टाकला. रिव्हर्सला गिअरबॉक्स सगळ्यात जास्त दाब मागतो, त्यामुळे काटा तडक वर जायला हवा. तो थरथरला. खाली बसला. पुन्हा थरथरला. वहिनी मोजत होत्या. तीन म्हणताना काट्यानं उडी मारली आणि गाडीला तोच हिसका बसला.

आता शंका उरली नाही. पंप तेलाबरोबर हवा ओढत होता. पुढच्या गिअरचं तेवढ्यावर भागत होतं, रिव्हर्सचं भागत नव्हतं. हवा शिरायला जागा एकच. खालच्या चेंबरमध्ये तेलाचा फिल्टर असतो, त्याची मान वर पंपाच्या भोकात बसते, आणि त्या मानेभोवती अंगठीएवढं रबरी सील असतं. ते नीट बसलं नसेल तर पंप स्ट्रॉला चीर पडल्यासारखा हवा पितो.

फिल्टर शेवटचा कोणी बदलला, हे बघायला वहिनी ऑफिसात गेल्या आणि जुनी जॉबकार्डं चाळली. पाच महिन्यांपूर्वीचं कार्ड सापडलं. खाली सही होती. सही त्यांची स्वतःची होती. शेजारी लागलेला वेळ लिहिला होता: अठ्ठावीस मिनिटं.

त्या तिथेच खुर्चीवर बसल्या.

तो दिवस त्यांना लख्ख आठवला. त्याच सकाळी जावईबापूंनी कापड बंद केलं होतं. वहिनींचं डोकं असं फिरलं होतं की त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, कापड नको ना, ठीक आहे, तुमचं घड्याळ लावा आणि बघा. चाळीस मिनिटांचं काम त्यांनी अठ्ठावीस मिनिटांत उरकलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनीही वाजवल्या, आणि वहिनी दिवसभर ताठ मानेनं फिरल्या. कापड नव्हतं, त्यामुळे काय निघालं आणि काय निघालं नाही हे बघायला कोणी गेलं नाही. जुना फिल्टर निघाला, पण त्याचं सील भोकातच चिकटून राहिलं असणार. त्याच्यावर त्यांनी नवं दाबलं. सुरुवातीला धकलं. मग रबर तापून कडक झालं आणि हवा शिरायला लागली.

आणि त्यामुळे एका बाईच्या हातातून रक्त आलं.

तेवढ्यात जावईबापू आत आले. हातात नव्या गिअरबॉक्सचा ऑर्डरचा फॉर्म होता. बाकी सगळं भरलंय, फक्त तुमची सही हवी, असं म्हणून त्यांनी पेनही पुढे केलं.

खोटं कशाला बोला, वहिनींनी पेन घेतलं. सही केली असती तर जुना गिअरबॉक्स खोक्यात बंद होऊन जिथून नवा येणार तिथे परत गेला असता. इथे कोणी तो उघडला नसता. ती दोन सीलं खोक्यातच राहिली असती आणि बावीस वर्षांच्या नावाला ओरखडाही उठला नसता. व्हॅनवाल्याचं काम जाणारच होतं, त्याला काय माहीत कोणामुळे गेलं. वहिनींनी हे सगळं मनात व्यवस्थित मांडून पाहिलं, डावीकडून उजवीकडे. मग त्यांना स्वतःचा एवढा राग आला की पेन टेबलावर जरा जोरातच आपटलं गेलं.

"चेंबर खोलणार आहे," त्या म्हणाल्या.

जावईबापू वैतागले. स्कॅनर सांगतो, मी सांगतो, तरी तुमचा हट्ट. खोलून काही सापडलं नाही, तर यापुढे गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, कबूल? वहिनींनी विचारलं, आणि सापडलं तर? जावईबापू म्हणाले, तर तुम्ही म्हणाल ते.

वहिनींनी लॉकर उघडला. सगळ्यात खाली घडी घालून ठेवलेलं पांढरं कापड काढलं आणि काचेसमोरच्या बाकावर, कस्टमरला नीट दिसेल असं, अंथरलं.

गाडी लिफ्टवर गेली. तेल काढलं. चेंबरचे बोल्ट एकेक करून कापडावर ओळीनं आले. चेंबरमधल्या लोहचुंबकावर फक्त बारीक राखाडी पूड होती, पत्र्याचा एकही कण नाही. क्लच धडधाकट होता. मग फिल्टर खाली ओढला. त्याच्या मानेवर एक सील होतं, ते कापडावर ठेवलं. वहिनींनी हातमोजा काढला आणि उघडं बोट वर भोकात घातलं. मामंजी असंच करायचे. बोटाला जिथे गुळगुळीत धातू लागायला हवा होता तिथे रबराची कड लागली.

तारेच्या आकड्यानं त्यांनी ते हळूच ओढून काढलं. कडक झालेलं, एका बाजूनं चेपलेलं. पहिल्याच्या शेजारी ठेवलं. एका मानेची दोन सीलं पांढऱ्या कापडावर शेजारी शेजारी पडली, आणि ज्याला थोडं कळतं त्याला काही सांगायची गरज उरली नाही.

जावईबापूंना कळलं. त्यांनी विचारलं, हे कोणी केलं. वहिनी म्हणाल्या, मी.

दोन वर्षं ज्या गोष्टीची जावईबापू वाट बघत होते ती त्यांच्यासमोर मांडून ठेवलेली होती. पण त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग काचेकडे. वर्कशॉपच्या नावाची पाटी त्यांना वहिनींपेक्षा जड होती. आवाज खाली आणून ते म्हणाले की जॉबकार्डवर लिहू, सील वयोमानानं खराब झालं. तुमचंही नाव राहील, आपलंही राहील.

वहिनींनी चष्मा कपाळावर चढवला.

"दोन वर्षं तुम्ही मला म्हातारी ठरवताय," त्या म्हणाल्या. "तेव्हा वय माझं होतं. आता चूक माझी निघाली तर वय सीलचं? पाच महिन्यांचं आहे हो ते. माझ्यापेक्षा बरंच लहान आहे."

मागच्या बाकावरून कोणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं. वहिनींनी कार्ड ओढून घेतलं आणि कारणाच्या रकान्यात, उभं राहूनच, लिहिलं: जुनं सील काढलं नाही, त्यावर नवं बसवलं. चूक माझी. खाली सही केली, आणि दोन्ही सीलं पुसून पारदर्शक टेपनं कार्डाला चिकटवली, म्हणजे कोणाला नंतर शब्द बदलावेसे वाटले तरी वस्तू बोलावी.

जावईबापूंचे कान लाल झाले. नियम नियम असतो, म्हणाले. अशी चूक कोणीही केली असती तरी एक महिना गिअरबॉक्सवरून काढलं असतं, तेव्हा तुम्हीही उद्यापासून ऑइल बदलायच्या बाकावर. वहिनी म्हणाल्या, बरोबर आहे, मीही तेच केलं असतं. मग म्हणाल्या, "आता तुमचा शब्द. सापडलं तर मी म्हणेन ते, असं तुम्ही म्हणालात. कापड परत हवं. माझ्या एकटीच्या नाही, पाचही बाकांवर."

जावईबापू तक्त्याकडे बघत राहिले, जणू तिथे या कामाची मिनिटं लिहिलेली सापडतील. शेवटी ते म्हणाले, ठीक आहे.

नवं सील बसवून, नवं तेल भरून गाडी तयार झाली. संध्याकाळी व्हॅनवाला ती न्यायला आला तेव्हा वहिनींनी त्याला कार्ड दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. आडपडदा ठेवला नाही, आणि कापड काढून घेतल्याची सबबही पुढे केली नाही. त्यानं कार्ड दोनदा वाचलं. मग म्हणाला, "तीन आठवडे मी गाडीला शिव्या देतोय. तुम्हाला द्यायला हव्या होत्या."

"द्या की."

"उद्या रिव्हर्स लागल्यावर देतो," तो म्हणाला आणि किल्ली घेऊन निघून गेला.

शुक्रवारी सकाळी वहिनी व्हॅनमध्ये बसून हॉस्पिटलला गेल्या. बोलावलं कोणी नव्हतं. पुढची सीट रिकामी होती, त्या चढल्या आणि पट्टा लावला. व्हॅनवाल्यानं एकदा बघितलं आणि गाडी चालू केली. पाच घरं घेत घेत शेवटी शिक्षिकाबाई चढल्या. आज त्यांनी हात छातीशी घट्ट धरला होता. हॉस्पिटलच्या फाटकातून आत वळताना त्यांनी डोळे मिटलेले वहिनींना आरशात दिसले.

हॉस्पिटलचा माणूस वर दारात घड्याळ बघत उभा होता. व्हॅनवाल्यानं गाडी चढाच्या तोंडाशी आणली, थांबवली, लिव्हर ओढला.

"एक," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

गाडी मागे सरकायला लागली होती. हिसका नाही, थांबणं नाही. दोन म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. मग डोळे उघडून बघितलं तर दार जवळ येत होतं. वरचा माणूस बाजूला झाला आणि त्यानं दाराचे दोन्ही पंख उघडून धरले.

पेशंट उतरेपर्यंत वहिनी खाली थांबल्या. शिक्षिकाबाईंची व्हीलचेअर समोर आली तेव्हा त्यांनी खिशातून कार्ड काढलं. तुमच्या हाताला लागलं ते माझ्यामुळे, असं सांगितलं.

बाईंनी हात पुढे केला. "दाखव."

त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं. चिकटवलेली दोन सीलं बोटानं चाचपली. शाळेत वही तपासल्यासारखं पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत परत एकदा वाचलं. वहिनी साठ वर्षांच्या होत्या आणि बाकावर उभं केल्यासारख्या उभ्या होत्या.

"अक्षर भयंकर आहे," बाई म्हणाल्या. "उत्तर बरोबर आहे." कार्ड परत देताना त्या पुढे म्हणाल्या, "दुखलं मात्र खूप."

वहिनींनी मान हलवली. कार्ड खिशात ठेवलं. परतीच्या वाटेवर व्हॅनवाल्यानं त्यांना चौकात उतरवलं. शिव्यांचं राहिलं, त्या म्हणाल्या. तो म्हणाला, राहू दे, गाडी पुन्हा अडली तर उपयोगी पडतील, आणि अडली तर तुम्हीच बघायची, महिना होवो न होवो. मग काच वर करून तो गेला.

वर्कशॉपमध्ये पाचही बाकांवर पांढरी कापडं होती. एक तर चक्क कोणाच्या तरी घरच्या चादरीचा तुकडा होता, कडेला निळी फुलं असलेला. वहिनी ऑइल बदलायच्या बाकावर गेल्या, जिथे नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात उभं करतात. भिंतीवरच्या तक्त्यात या कामाला बारा मिनिटं होती. काचेच्या पलीकडे जावईबापू उभे होते आणि बघत होते.

वहिनींनी आपलं कापड अंथरलं, चारी कोपरे ओढून सरळ केले. गाडीखाली गेल्या, बोल्ट सोडवला, त्याच्यामागचा जुना वॉशर नखानं सोडवून काढला आणि बाहेर येऊन दोन्ही कापडावर ठेवले. घड्याळाकडे त्यांनी बघितलं नाही. जुना वॉशर कापडावर आलाय याची खात्री करून मगच त्यांनी नव्यासाठी हात पुढे केला.